दर्यातील नोकरीचे मोल

जुहूच्या विमानतळाभोवती, अंधेरी आणि विलेपार्ल्याच्या पश्चिम भागात ज्यांची वस्ती आहे त्यांना डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचा घरघराट नवा नाही. हा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन येथेच उतरले होते. आज येथून पश्चिमेकडे जाणाऱ्या पुष्कळशा हेलिकॉप्टरांत माणसे असतात, आणि ती सहलीला निघालेली नसतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणांहून पहाटे घर सोडून ती आलेली असतात. सामानासह त्यांचे वजन होते, काडेपेटी किंवा मद्य जवळ नाही ना ह्याची झडती होते, अंगात तरंगते जाकीट चढवले जाते, आणि तासाभराच्या आत जमीन दिसेनाशी होते. ही माणसे पुन्हा घरी येतात ती दोन आठवड्यांनी.

ज्या स्थळी ती जातात त्यास 'मुंबई हाय' म्हणतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, तळाखालच्या चुनखडीच्या थरात तेल साठलेले आहे. १९६० नंतरच्या दशकात रशियन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने समुद्रतळाची पाहणी झाली, तेव्हा त्या जागेचा सुगावा लागला. पुढे जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' नावाच्या तरत्या वेधनयंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधून काढले, आणि मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनास आरंभ झाला. प्रथम ते जहाजांनी आणीत. मागाहून समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकण्यात आले. १९८९ च्या सुमारास तेथून दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होते. आता विहिरी जुन्या झाल्या आहेत आणि तेवढे तेल निघत नाही. तरीही देशातील तेलाचा फार मोठा हिस्सा आजही ह्याच समुद्रातून येतो.

तेथील कामाचे स्वरूप समजल्याखेरीज पगाराचा विचार करणे व्यर्थ आहे. खोलवर गेलेले भोक म्हणजे एक लांबच लांब नळी, व तिच्या टोकाशी दगड भरडणारे दाते, इतके ध्यानात घेतले तरी पुरे. प्रत्येक नळी सुमारे तीस फूट लांब आणि दोन-अडीचशे किलो वजनाची असते. अशा नळ्या एकमेकींस पेचाने जोडीत खाली सोडावयाच्या. तेलाचा मुख्य थर साधारण तेरा-चौदाशे मीटर खोल आहे, म्हणजे दीडशेच्या आसपास नळ्या झाल्या. टोकाचे दाते झिजले की ही सारी माळ वर ओढावयाची, पेच सोडवून नळ्या उभ्या करून ठेवावयाच्या, दाते बदलावयाचे आणि तीच माळ पुन्हा जोडीत खाली न्यावयाची. यंत्रे वजन उचलतात हे खरे. परंतु पेच आवळणाऱ्या लोखंडी पकडी जागेवर आणावयास, तेलकट चिखलाने माखलेल्या फळीवर पाय रोवून उभे राहावयास माणूसच लागतो. विहिरीतून दगडाचा चुरा वर यावा म्हणून एक दाट चिखल सतत खाली सोडीत असतात. तो अंगावर उडतो. शेजारी इंजिने धडधडत असतात, त्यामुळे बोलणे खुणांनी चालते. वैशाखात लोखंडास हात लावता येत नाही, आणि श्रावणात वारा माणसास उभे राहू देत नाही.

हे काम बारा तासांचे असते. एक पाळी संपली की दुसरी उभी राहते, कारण विहीर रात्री झोपत नाही. दुपारी बारा ते मध्यरात्री बारा, किंवा मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत अशी पाळी कित्येक ठिकाणी असते. खाण्यापिण्याची व्यवस्था उत्तम असते, हे तेथे जाऊन आलेला प्रत्येक मनुष्य आवर्जून सांगतो. ह्यात नवल वाटावयास नको. जेथे बाजार नाही, नाटक-सिनेमा नाही, फिरावयास रस्ता नाही, तेथे जेवणाचे ताट हेच दिवसाचे एकमेव वैभव असते.

अशा कामास शहरातील तशाच शिक्षणाच्या नोकरीहून बराच अधिक पगार मिळतो. का मिळतो, ह्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पंडितांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, जे काम कष्टाचे, घाणीचे, तिरस्काराचे, त्यास मजुरी चढी द्यावी लागते. नाही तर तिकडे कोणी फिरकणारच नाही. हा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्याच ठिकाणी त्याने खलाशांविषयी आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. समुद्रातील संकटांमुळे तरुण बिचकत नाहीत, उलट त्या संकटांचीच त्यांना भुरळ पडते. आणि म्हणून खलाशाच्या मजुरीत धोक्याची भरपाई जेवढी असावी तेवढी नसते, असे त्याचे म्हणणे. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बावीस-तेविसाव्या वर्षी हातात नेमणुकीचा कागद घेतलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले की स्मिथसाहेबांचे म्हणणे पटते.

महाराष्ट्राला हा व्यवहार अपरिचित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील घरोघरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि परदेशी आगबोटींवर चाकरीस राहिले. कोकण मनीऑर्डरीवर चालते असे म्हणत, ते उगीच नव्हे. चाकरमानी गणपतीस आणि शिमग्यास घरी येई. उरलेले वर्ष घर, शेत आणि म्हातारी माणसे बायकांनी सांभाळली. तेव्हा गाव सोडून मुंबईस यावयाचे होते. आता मुंबई सोडून समुद्रात जावयाचे आहे, इतकाच पालट.

आता थोडा हिशेब करून पाहावा. चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुटी, असा कायम नोकरांचा सर्वसाधारण प्रघात आहे. चौदा दिवस, रोज बारा तास, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत १६८ तास काम झाले. शहरातील कारकून आठवड्यास सहा दिवस, रोज आठ तास धरले तर तेवढ्याच मुदतीत १९२ तास काम करतो. म्हणजे दर्यावरच्या माणसाचे काम तासांच्या मापाने कमीच! शेजारीपाजारी त्याला 'अर्धा महिना सुटी' म्हणून चिडवतात ते ह्याच हिशेबावर. परंतु ते माप चुकीचे आहे. चौदा दिवसांत ३३६ तास होतात, आणि त्यांतला एकही तास त्याचा स्वतःचा नसतो. पाळी संपल्यावर तो झोपतो, पण आपल्या घरात झोपत नाही. जेवतो, पण आपल्या पंगतीत जेवत नाही. मालकाने त्याचे श्रम विकत घेतले आहेत तशी त्याची गैरहजेरीही विकत घेतली आहे, आणि पगाराचा चढा भाग हा मुख्यतः तिचाच मोबदला आहे. वर्षाला ह्या गैरहजेरीचे १८२ दिवस होतात. तीस वर्षे अशी नोकरी केली तर पंधरा वर्षे समुद्रावर गेली.

ह्याच्या उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बोरिवलीहून चर्चगेटास जाणारा मनुष्य दाराशी पायताण घालण्यापासून परत येऊन काढीपर्यंत रोजचे तीन तास लोकलगाडीत आणि फलाटावर घालवितो. वर्षाचे कामाचे दिवस सुमारे २९० धरले तर ते ८७० तास, म्हणजे छत्तीस दिवस आणि छत्तीस रात्री होतात. त्या उभ्याने केलेल्या प्रवासाचा त्याला एक पैही मोबदला नाही. शिवाय तो रात्री घरी येतो तेव्हा मुले निजलेली असतात. दर्यावरचा मनुष्य चौदा दिवस घरी असतो तेव्हा मात्र पुरता असतो. मुलाला शाळेत पोचवतो, भाजी आणतो, वडिलांना दवाखान्यात नेतो. अशी कित्येक घरे सुखाने चालली आहेत. त्यांना दुःखी ठरविण्याचा अधिकार कोणास नाही.

तथापि घराची घडी ह्या ये-जाण्याने कशी बदलते हे पाहण्यासारखे आहे. उपनगरातील दोन खोल्यांच्या घरात नवरा नसताना स्त्री सर्व निर्णय घेते. गॅसवाला, सोसायटीचे बिल, मुलाचा ताप, सासूबाईंचे औषध, शाळेतून आलेली तक्रार, ह्या सर्वांचा निकाल तिला लावावा लागतो, आणि ती तो उत्तम लावते. पंधराव्या दिवशी गृहस्थ परत येतात. पहिले दोन दिवस झोपेत जातात, कारण रात्रपाळीस सरावलेले शरीर दिवसास रात्र समजत असते. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटते की घरात आपले कोणी विचारीत नाही. मुलाने अभ्यासिकेचे वर्ग बदललेले असतात, कपाटाची जागा बदललेली असते. ते काही सुधारणा सुचवितात, बाईंना ती ढवळाढवळ वाटते. आणि दोघांची लय जुळून येते न येते तोच पिशवी भरण्याचा दिवस उजाडतो. ह्यात कोणाचाच दोष नसतो. एका घराला आळीपाळीने एक आणि दोन कारभारी असले की असे होणारच. ज्या घरांत हे नीट चालते तेथे बहुधा एक गोष्ट आढळते: परत आलेला मनुष्य पाहुण्यासारखाही वागत नाही आणि धन्यासारखाही नाही, घर जसे चालले आहे त्यात तो आपल्या वाट्याची कामे उचलतो.

सणांचे दुःख निराळे. पाळीचे चक्र पंचांग पाहत नाही. दिवाळी एका वर्षी घरी, तर दुसऱ्या वर्षी लोखंडी मनोऱ्यावर. पावसाळ्यात तर हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, बदलीचा माणूस जुहूलाच अडकतो, आणि चौदाचे सोळा, सतरा दिवस होतात. दारावर बाळाच्या बारशाचे तोरण लागलेले आणि बाप अजून समुद्रात, असे प्रसंग ह्या मंडळींत हसत सांगितले जातात. सांगताना हसतात, एवढे खरे.

पैशाविषयीही एक गोष्ट सांगणे जरूर आहे. चढ्या पगाराचा बराच भाग हा समुद्रावर असेपर्यंतच मिळणाऱ्या भत्त्याचा असतो. घराचे कर्ज मात्र पुरा आकडा धरून काढलेले असते. मग चाळिशी उलटल्यावर कंबर धरते, गुडघे बोलू लागतात, इंजिनांच्या आवाजाने कान मंद होतात, वैद्यकीय तपासणीत रक्तदाब निघतो, आणि किनाऱ्यावरच्या कचेरीत बदली होते. बायको-मुलांना आनंद होतो; परंतु भत्ता बंद झाल्यामुळे हप्ता जड जातो, आणि ज्या बदलीची वर्षानुवर्षे वाट पाहिली तीच संकट होऊन बसते. शेतकरी सुगीच्या धान्यातून बियाण्याची कणगी वेगळी काढून ठेवतो. शरीराच्या बळावर मिळणारी ही मिळकतही सुगीचीच आहे, आणि तिचे हंगाम मोजके आहेत. जी घरे भत्ता बाजूस टाकून मूळ पगारावर संसार बेततात, त्यांना किनाऱ्यावरची बदली सोसते.

आता धोक्याविषयी. ह्या नोकरीतील पहिला धोका कामावर पोचण्याच्या आधीच असतो. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून त्यातील सातही जण दगावले. २८ जून २०२२ रोजी 'सागर किरण' ह्या वेधनयंत्राजवळ दुसरे एक पाण्यात पडले. नऊंपैकी चार जणांचा अंत झाला. म्हणूनच ह्या नोकरीस जाणाऱ्यांकडून बुडत्या हेलिकॉप्टरातून सुटण्याचा अभ्यास करून घेतात. तलावात एक सांगाडा बुडवून उलटा करतात, आणि आत पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाने श्वास धरून, खिडकी चाचपून बाहेर यावयाचे असते. तेल महामंडळाची गोव्यातील सुरक्षा-शिक्षणाची संस्था ह्यासाठी प्रसिद्ध आहे.

२७ जुलै २००५ ची घटना मात्र विसरता येण्यासारखी नाही. आदल्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून सारी उपनगरे पाण्याखाली गेली होती; ज्यांचे मुलगे समुद्रावर होते त्या घरांतही कमरेइतके पाणी होते. त्याच सुमारास तिकडे 'समुद्र सुरक्षा' नावाच्या मदतनीस जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली. हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला उपचारासाठी तेलाच्या मनोऱ्यावर पोचविण्याकरिता जहाज मनोऱ्यालगत आणले. त्या खटाटोपात जहाज लाटांनी ढकलले जाऊन वायूच्या उभ्या नळावर आदळले. नळ फुटला, आग लागली, आणि दोन तासांच्या आत तो प्रचंड मनोरा नाहीसा झाला. तेथे व आसपास असलेल्या ३८४ जणांपैकी ३६२ जणांस नौदल, तटरक्षक दल आणि जवळच्या जहाजांनी वाचविले. २२ जण गेले. बोट कापणे ही शहरात दहा मिनिटांत मिटणारी गोष्ट आहे. कोपऱ्यावरचा डॉक्टर टाके घालून घरी पाठवितो. दूरस्थपणाचा अर्थ हाच की तेथे कोपऱ्यावर डॉक्टर नाही, आणि क्षुल्लक दुखापतीलाही जहाज हलवावे लागते.

उत्तर समुद्रातील 'पायपर आल्फा' मनोऱ्यावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे मृत्यू पावली, तेव्हा ब्रिटनमध्ये चौकशी होऊन सुरक्षेचे कायदे मुळापासून बदलले. भारतातही समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम २००८ साली झाले. नियम झाले ही चांगलीच गोष्ट आहे. नियमांआधी माणसे जावी लागतात, हा क्रम मात्र दोन्ही देशांत सारखाच.

आतापर्यंत ज्यांविषयी सांगितले ते बहुतांशी कायम नोकर. परंतु त्याच समुद्रात, त्याच मनोऱ्यांच्या सावलीत, दुसरी एक मोठी वस्ती असते. जुने नळ बदलणे, लोखंड जोडणे, परांच्या बांधणे, गंज खरवडून रंग देणे, ही कामे कंत्राटाने होतात. ती करणारे वेल्डर, फिटर, रंगारी आणि मदतनीस मोठमोठ्या तराफ्यांवर राहतात. त्यांतले काही मराठी असतात. बाकीचे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, केरळ असे सर्व प्रांतांतून आलेले. त्यांना चौदा दिवसांचे चक्र नसते. पावसाळा संपल्यापासून वळवाच्या ढगांपर्यंतचा हंगाम हीच त्यांची पाळी, आणि काम थांबले की मजुरी थांबते. गावातल्या मजुरीपेक्षा त्यांना अधिक मिळते, म्हणून ते येतात. परंतु कायम माणसाच्या मिळकतीशी ती ताडून पाहिली तर धोका जवळजवळ एक आणि मोल निराळे असे दिसते. ज्याच्यापाशी संघटना आहे, हक्काची नेमणूक आहे, नाही म्हणण्याची सोय आहे, त्याला गैरहजेरीचा भाव नीट मिळतो. ज्याच्या मागे गावी सावकार उभा आहे, त्याला मुकादम सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. वेधशाळेने त्याची सूचना आधीच दिली होती. हंगामाचे शेवटचे दिवस होते. अशा दिवसांत उरलेले काम उरकण्याची घाई सर्वत्र असते. 'पी-३०५' नावाचा, स्वतःचे इंजिन नसलेला राहण्याचा तराफा तेलक्षेत्रातच होता. वादळात त्याचे नांगर तुटले, तो वाहू लागला आणि सायंकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. 'आयएनएस कोची', 'आयएनएस कोलकाता' व इतर नौकांनी खवळलेल्या समुद्रातून, रात्रीच्या अंधारात, तरंगत्या जाकिटांच्या आधाराने तगून राहिलेल्या १८६ जणांस वर काढले. 'वरप्रदा' ह्या ओढनौकेवर तेरा जण होते. त्यांतील दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ माणसे गेली. कित्येक दिवस पाण्यात राहिलेले देह ओळखू येईनात, म्हणून नातेवाइकांच्या रक्ताशी ताडून पाहण्याची शास्त्रीय तपासणी करावी लागली. दूरच्या गावांहून आलेले बाप आणि भाऊ त्यासाठी मुंबईत ताटकळत राहिले. जिच्या भाड्याची जुळवाजुळव करावी लागली अशा गाडीने ते आले होते. आणि ज्याच्या कमाईवर ती जुळवाजुळव एरवी झाली असती, त्यालाच ओळखावयास आले होते.

तराफ्यांवरील जाकिटे, होड्या आणि नांगर ह्यांची तपासणी कोणी करावयाची, वादळाची सूचना आल्यावर 'काम थांबवा' हा शब्द कोणाचा चालावा, आणि कंत्राटाच्या माणसाच्या थांबलेल्या दिवसांची मजुरी कोणी द्यावयाची, हे तीन प्रश्न ह्या दुर्घटनेने पुढे आणले. त्यांपैकी तिसऱ्याची चर्चा सर्वांत कमी झाली. वास्तविक पहिल्या दोहोंची गुरुकिल्ली तोच आहे. वादळात परत फिरल्याने मजुरी बुडणार नाही अशी खात्री असली, तर परत फिरा असे मजूर स्वतःच म्हणू लागेल.

पावसाळा ओसरला की उरण-न्हाव्याच्या बाजूने पुरवठ्याच्या नौका पुन्हा भरून निघतात. जुहूहून हेलिकॉप्टरे वेळेवर उडू लागतात. कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरलेले तरुण खांद्यावर पिशव्या घेऊन मुकादमाच्या फोनची वाट पाहत असतात, आणि त्यांच्या पिशवीत गावाहून दिलेले सातू, लोणचे आणि घरच्या माणसाने जपून ठेवावयास सांगितलेला एक कागद असतो, ज्यावर काही झाल्यास कोणाला कळवावे त्याचे नाव लिहिलेले असते.